झीज, नासधूस आणि विटाळ

मोर्चा, सभा, ठराव यांवर आपण पुष्कळ लिहितो. आज मी एका भाड्याच्या खोलीवर लिहिणार आहे. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, वर कौलं. आमच्या बोर्ली पंचतनला अशा खोल्या भाड्यानं देतात. एक बिऱ्हाड उठतं, दुसरं यायचं असतं, आणि मधले आठ-पंधरा दिवस खोलीला कुलूप असतं. माझा प्रश्न त्या आठ-पंधरा दिवसांचा आहे. गेलेल्याचं डिपॉझिट किती कापायचं? चुना कुणाच्या पैशानं मारायचा? मोरी-संडास कुणी साफ करायचा? आणि नवीन माणूस कुठला घ्यायचा? हे सगळं मालक एकटाच ठरवतो. तिथं पंच नाही, पुढारी नाही, टाळ्या वाजवायला कुणी नाही. माणसाच्या समतेची खरी परीक्षा अशाच जागी होते असं माझं म्हणणं आहे.

कुणी म्हणेल, हा काय विषय झाला? पोटाला भाकर नाही तिथं हा डिपॉझिटच्या गोष्टी सांगतोय. सांगतोय, कारण आपली निम्मी पोरं आज भाड्याच्या खोलीत राहतात. शिकायला, नोकरीला, परीक्षेच्या तयारीला. आणि थोडे का होईना, आपले लोक आता खोल्या भाड्यानं देऊ लागलेत. म्हणजे या प्रश्नाची दोन्ही टोकं आपल्याच घरात आली आहेत.

आधी गाव सांगतो. बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातलं बाजाराचं गाव. दिवेआगर, दिघी, आजूबाजूच्या वाड्या, सगळ्यांचं येणंजाणं इथं. म्हणून खोलीला गिऱ्हाईक असतं. मास्तर येतात, नर्सबाई येतात, बँकेतला कारकून येतो, बंदरावर कामाला लागलेला बिहारचा मजूर येतो. माझ्या बापानं मुंबईच्या गिरणीत हाडं झिजवली आणि आमच्या वाडीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, जांभ्याच्या दोन खोल्या बांधल्या. त्या आता मी बघतो. शाळा सुटल्या, बदल्या झाल्या की मे महिन्यात खोली रिकामी होते. जूनमध्ये पाऊस डोक्यावर. तेवढ्या दिवसांत शाकारणी उरकायची, फुटकी कौलं बदलायची, वाशांना वाळवी लागली का बघायचं, मीटरचं रीडिंग दोघांसमक्ष लिहून घ्यायचं, कुलूप बदलायचं. कुलूप बदलायचंच. नव्या माणसाच्या दाराची जुनी किल्ली कुणाच्याही खिशात राहता कामा नये, माझ्यासुद्धा नाही.

आता हिशोब. बिऱ्हाडकरू राहून गेला म्हणजे खोली होती तशी राहत नाही. राहील कशी? माणूस राहिला होता तिथं. कॅलेंडरचा खिळा मारला होता. स्टोव्हच्या वरची भिंत काळी झाली. पोरानं कोळशानं गाडी काढली. खाऱ्या वाऱ्यानं बिजागरी गंजली. चार पावसाळ्यांत पश्चिमेच्या भिंतीला बुरशी धरली. याला म्हणतात झीज. ती राहण्यातूनच होते आणि तिचे पैसे आपण दरमहा भाड्यात घेतलेले असतात. पुन्हा डिपॉझिटमधून कापले तर एकाच वस्तूची किंमत दोनदा वसूल झाली. याला आमच्या बाजारात चोरी म्हणतात.

नासधूस वेगळी. मोरीची फरशी कुऱ्हाडीनं लाकडं फोडून तडकवली, खिडकीचा गज वाकवला, नळ तोडून नेला. ती भरून मागायचा मालकाला हक्क आहे. पण जेवढं मोडलं तेवढंच, आणि दुकानदाराची पावती दाखवून.

ही विभागणी मी काही डोक्यातून काढलेली नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्याचं कलम १०८ सांगतं की भाडेपट्टा संपला की जागा मिळाली होती तशी परत करायची. पण दोन गोष्टी वगळून. एक, वाजवी वापरानं झालेली झीज. दुसरी, माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तीनं झालेला बदल. हे दुसरं काय ते आम्हाला ३ जून २०२० ला कळलं. निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. कौलं पत्त्यासारखी उडाली, पत्रे माडांत जाऊन अडकले, वाड्यांतल्या पोफळी आडव्या झाल्या. त्या वर्षी कुठल्या भाडेकरूकडे कौलांचे पैसे मागायचे होते? वादळानं सातबारा विचारला नव्हता. मालक म्हणून घेतलेलं भाडं अशा दिवसासाठीपण असतं.

इथपर्यंत कुणाचा वाद नसावा. झीज मालकाची, नासधूस भाडेकरूची. दोन रकाने, हिशोब पुरा. पण आपल्या देशात या वहीला एक तिसरा रकाना आहे. तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पावतीवर येत नाही, पण पैसे कापताना, चुना मारताना, पुढचा भाडेकरू निवडताना सगळ्यांच्या डोक्यात असतो. त्या रकान्याचं नाव विटाळ.

मी स्वतः एका तालुक्याच्या गावी दोन वर्षं भाड्यानं राहिलो. गावाचं आणि मालकाचं नाव कशाला सांगू? ते एक गाव नाही आणि तो एक मालक नाही. घेताना त्यानं आडनाव विचारलं, त्यावरून काही कळेना म्हणून गाव विचारलं, मग गावातली वाडी विचारली. कोकणात वाडी कळली की सगळं कळतं. तरी खोली दिली, कारण महिनाभर ती पडून होती. सोडताना मी खोली झाडून, पुसून, नळाला नवा वायसर घालून दिली. डिपॉझिट अर्धं हातात आलं. "रंग काढावा लागेल," म्हणाला. मी म्हटलं, माझ्याआधी कोण होते? म्हणाला, जोशी होते, पाच वर्षं. त्यांच्यामागे रंग काढला होता? तो गप्प. पुढं शेजारणीकडून कळलं की मी एस.टी.त बसलो त्या संध्याकाळीच खोलीत गोमूत्र शिंपडलं.

मला राग पैशांचा नाही आला. मी त्या गोमूत्राचा विचार करत राहिलो. गोमूत्रानं कुठला डाग निघतो? काजळी निघत नाही, बुरशी निघत नाही, गंज निघत नाही. म्हणजे त्याला खोलीतली घाण काढायची नव्हतीच. त्याला खोलीतून मला काढायचं होतं. मी किल्ली देऊन निघून गेलो होतो, तरी त्याच्या लेखी मी तिथंच राहिलो होतो, भिंतीला चिकटून. झीज माणसाच्या वागण्यातून होते, नासधूस माणसाच्या हातून होते. विटाळ माणसाच्या असण्यातून होतो असं ते मानतात. म्हणून तो कितीही स्वच्छ राहून टळत नाही आणि कितीही भरपाई देऊन फिटत नाही.

हेच आपल्या जिल्ह्यात, महाडला, साऱ्या जगासमोर घडलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. तळ्याचं काय बिघडलं? पाण्याची पातळी बोटभर उतरली असेल, पायऱ्या जरा ओल्या झाल्या असतील. झीज म्हणावी तर तेवढीच. पण सनातन्यांनी मागाहून पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून तळं 'शुद्ध' केलं. ज्या तळ्यावर जनावरं पाणी प्यायची, तिथं माणूस पाणी प्याला म्हणून शेणमुताचं पाणी ओतलं. पुढं १९३७ साली हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. पण ते शुद्धीकरण नीट बघा. एक 'भाडेकरू' गेल्यावर दुसरा येण्याआधी जागा धुऊन काढायची, तोच विधी.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९१७ साली, बडोद्यात बाबासाहेबांनी स्वतः हे भोगलं. कोलंबियातून शिकून आलेला माणूस, संस्थानच्या नोकरीला आलेला, आणि राहायला एक खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून दिवसाला दीड रुपयावर राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन डझनभर माणसं दारात उभी. त्यांची तक्रार काय होती? पैसे थकवले असं नाही, खुर्ची मोडली असंही नाही. जागा बाटवली, एवढीच. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. शेवटी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीची गाडी धरली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. विंचवाला निदान पाठ तरी आपली असते.

म्हणजे सोसणं आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्यांना तर खोताच्या मर्जीवर जगणं माहीत होतं. मर्जी फिरली की कुळाच्या हातची जमीन जायची. त्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत विधेयक आणलं, १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. आता मला विचारायचं आहे ते यापुढचं आणि जरा बोचणारं आहे. खोत गेला, पण खोताची मर्जी गेली का? की दोन खोल्या बांधल्या की ती आपल्याच अंगात येते?

माझ्या खोलीवर तीन वर्षांपूर्वी एक कातकरी जोडपं आलं. नवरा बंदराच्या रस्त्याच्या कामावर, बायको गावात धुणीभांडी करणारी. त्याच आठवड्यात एक मास्तरही बघून गेले होते, पण चार दिवसांनी कळवतो म्हणाले. कातकरी पोरानं अटी ऐकल्या, डिपॉझिट ठेवलं, चावी घेतली. संध्याकाळी आमचे काका आले. काका म्हणजे चळवळीतला जुना माणूस, नामांतराच्या वेळी लाठ्या खाल्लेला. आले ते तावातावानं.

"कातकऱ्याला खोली दिलीस? दारू पितील, खोलीत चूल पेटवतील, दहा पावनं गोळा करतील."

मी म्हटलं, "काका, हे तुमच्याबद्दल कोण कोण बोललंय ते आठवा."

"आरं, ते वेगळं. घर आपलं, पैसा आपला. कुनाला ठेवायचं ते आपुन ठरवनार. त्यात बाबासाहेब कशाला आणतोस?"

काकांच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. दोन्हींना उत्तर दिलं पाहिजे, नुसतं हसून चालणार नाही.

पहिली गोष्ट भीती. बापाची जन्माची कमाई दोन खोल्यांत आहे. भाडं बुडालं, कुणी ठाण मांडून बसलं, पोलिसांची भानगड झाली तर निस्तरायचं कुणी? ही भीती खोटी नाही. गरीब मालकाला ती जास्तच असते. पण भीतीवर इलाज आहेत. लेखी करार करा. डिपॉझिट घ्या. भाडं कुठल्या तारखेला, किती दिवसांची नोटीस, पाहुणे किती, चूल पेटवायची का नाही, हे आधी सांगा. आणि सगळ्यांना तेच सांगा. मास्तरला एक महिन्याचं डिपॉझिट आणि कातकऱ्याला तीन महिन्यांचं, असं केलं की ती भीती राहिली नाही, ती जात झाली. भाडं बुडवणारा कुठल्या वाडीचा असेल हे आजवर कुणाला ओळखता आलेलं नाही. माझं भाडं एकदाच बुडालं, आणि बुडवणारा कडक इस्त्रीचा सदरा घालायचा.

दुसरी गोष्ट हक्क. घर माझं, मर्जी माझी. कायद्यात बघाल तर काकांना इथं थोडी जागा सापडते. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावं आहेत. राहत्या घराचं नाव नाही. कलम १७ नं अस्पृश्यता मोडीत काढली. १९५५ च्या कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, बहिष्काराच्या व्याख्येत घर भाड्यानं द्यायला नकार देणं हेही धरलं आहे. पण मालक तोंडानं कारण सांगतो का? तो म्हणतो, "कालच गेली हो खोली." २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायची मुभा दिली. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतला अभ्यास छापला. सारखीच ऐपत असलेली माणसं खोली मागायला गेली. सवर्ण नावाला दार उघडलं, दलित आणि मुसलमान नावांना नकार मिळाला किंवा जादा अटी. मुसलमानांना तर जास्तच नकार. म्हणजे कायद्याची फळी जिथं संपते तिथून पुढं मालकाची नियत सुरू होते.

आणि म्हणूनच बाबासाहेब आणायचे, काका. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ते बोलले त्यात हाच मुद्दा होता. संविधानिक नीती माणसात आपोआप उगवत नाही, ती रुजवावी लागते. कुठं रुजवणार? दिल्लीत? ती रुजवायची तर अशाच ठिकाणी, जिथं कायदा आपल्याला विचारायला येणार नाही आणि कुणाला कळणारही नाही. जिथं मी सहज अन्याय करू शकतो आणि पचवूही शकतो, तिथं मी करत नाही, तेवढीच माझी समता. बाकीची भिंतीवर लावलेल्या तसबिरीत आहे.

पुढची गोष्ट ऐका. ते कातकरी जोडपं यंदाच्या मे महिन्यात गेलं. खोली बघितली. स्टोव्हवरची भिंत काळी, ती झीज. दाराची कडी सैल, ती झीज. खिडकीची एक काच फुटलेली, पोरानं चेंडू मारला होता, त्यानं स्वतःच सांगितलं. काचेची पावती लावून तेवढे पैसे कापले, बाकी डिपॉझिट त्याच दिवशी, दोघांच्या सह्या घेऊन, हातात दिलं. चावी घेतली. आणि साफसफाईला बाई येणार तेव्हा घरातल्याच एक वडीलधाऱ्या मला हळूच म्हणाल्या, "फिनेलच्या दोन बाटल्या आण. नीट धुऊन घे. कातकरी व्हतं."

आपल्यात गोमूत्र कुणी शिंपडत नाही. दीक्षा घेतली, देव टाकले, ते सगळं टाकलं. पण फिनेल आहे. मास्तरांच्या मागे अर्धी बाटली लागली होती. मास्तरांच्या मोरीत शेवाळ जास्त होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कातकऱ्याच्या बायकोनं मोरी आरशासारखी ठेवली होती, दुसऱ्यांच्या मोऱ्या घासून तिचे हात तयार होते. तरी तिच्यामागे दोन बाटल्या. ही जादाची दीड बाटली कशासाठी? त्या दीड बाटलीत महाडचं तळं आहे, बडोद्याची धर्मशाळा आहे, माझ्या जुन्या मालकाचं गोमूत्र आहे. वास बदलला, एवढंच.

मी अर्धीच बाटली आणली. घरात दोन दिवस अबोला होता.

आणखी एक माणूस या हिशोबात असतो, त्याला आपण विसरतो. खोली साफ करणारा. बिऱ्हाड उठलं की मालकाला संडासाची टाकी आठवते. मग कुणाला तरी बोलावतात, आणि तो कुणीतरी कुठल्या समाजाचा असतो हे मी सांगायला नको. पन्नास-शंभर रुपये जादा देऊन त्याला टाकीत उतरवतात. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला साफ करायला लावणं गुन्हा आहे, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणंही गुन्हा आहे. टाकीतला वायू क्षणात माणूस मारतो. गाडी बोलवा, पंपानं उपसा, खर्च मालकाचा. टाकी भरणं हीसुद्धा झीजच आहे. नव्या भाडेकरूला चकचकीत खोली द्यायची म्हणून तिसऱ्या माणसाचा जीव आणि मान त्यात घालायची असेल, तर त्या खोलीची स्वच्छता कोणत्या रकान्यात लिहाल?

काका मला म्हणाले, "एका खोलीनं जात मोडनार हाय का?" नाही मोडणार. एका ओंजळीनं तळं आटलं नव्हतं. पण जात म्हणजे कुठं आकाशात लटकलेली वस्तू नाही. ती अशा छोट्या छोट्या ठरवण्यांनी रोज नव्यानं बांधली जाते: कुणाला चावी, कुणाला नकार, कुणाच्या मागे किती फिनेल. बांधणाऱ्या हातांतले दोन हात माझे असतील, तर तेवढे मी काढून घेऊ शकतो. एवढं माझ्या ताब्यात आहे आणि एवढ्याचा जाब मला विचारता येतो.

तेव्हा दोस्तांनो, ज्यांच्या घरी खोल्या आहेत त्यांनी शंभर पानी वही करावी. नवं बिऱ्हाड यायच्या दिवशी त्याच्यासमोर लिहावं: कौलं किती फुटकी, नळ कसा, काचा किती, मीटर किती, भिंतीचा रंग कसा. दोघांची सही. जायच्या दिवशी तीच यादी पुन्हा वाचावी. झीज आणि नासधूस, दोनच रकाने आखावेत. बघायला येणाऱ्याला आधी अटी सांगाव्यात, नाव मागाहून विचारावं, वाडी विचारूच नये. अटी पाळायला जो पहिला तयार, त्याला चावी. चुना सगळ्यांच्या मागे सारखा, फिनेल सगळ्यांच्या मागे सारखं.

आणि जे भाड्यानं राहतात त्यांनी ही यादी मालकाकडे मागावी. तो देणार नाही. तरी मागावी, आणि नाही दिली तर स्वतः लिहून, तारीख घालून, त्याची एक प्रत त्याच्या हातात द्यावी. पैसे कापताना त्याला बोट ठेवून सांगता आलं पाहिजे की हे कुठल्या रकान्यातलं. तिसरा रकाना त्याला तोंडानं वाचून दाखवावा लागला, तर त्याचीही जीभ अडखळेल.